मेलबर्नच्या पश्चिमेतला आमचा फुटबॉल क्लब: दोन सीझननंतर

लेकीला आमच्या उपनगरातल्या कम्युनिटी फुटबॉल क्लबात घातलं त्याला दोन सीझन झाले. सीझन एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे सगळा हिवाळा मैदानावर. नव्यानं आलेल्यांनी एक ध्यानात ठेवा: मेलबर्नमध्ये 'फूटी' म्हणजे लांबट चेंडूचा 'ऑस्ट्रेलियन रूल्स' हा वेगळाच खेळ. आपल्या फुटबॉलला इथं बहुतेक जण 'सॉकर' म्हणतात.

लहान मुलांचा खेळ 'मिनीरूज' पद्धतीनं चालतो. नऊ वर्षांखालच्या गटात सात-सात जणी, छोटं मैदान, तीन नंबरचा चेंडू आणि गुणतक्ता नाहीच. मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पीटीएमच्या (पाटाकडील तालीम मंडळ, तिथला फुटबॉल संघ) सामन्यांना घसा बसेपर्यंत ओरडलेला. गुणतक्त्याशिवाय खेळ कसला, असं पहिले दोन महिने वाटायचं. आता वाटत नाही. गोलकिकच्या वेळी (म्हणजे गोलपासून चेंडू पुन्हा खेळात आणताना) समोरच्या संघानं मधल्या रेषेमागं जायचं असतं, त्यामुळं मुलींना गोलपासून पास देत वर यायला जागा मिळते. आमची लेक पहिल्या वर्षी चेंडू आला की डोळे मिटून लाथ मारायची. यंदा जुलैत, चिखलात, तिनं चेंडू पायाखाली थांबवला, मान वर केली आणि डावीकडच्या मैत्रिणीला दिला. गोल झाला नाही, पण मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

क्लब वाढलाय तो मुलींमुळं. 2023 च्या महिला विश्वचषकात 'मटिल्डाज'नी, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या महिला संघानं, फ्रान्सला पेनल्टीवर हरवलं, सिडनीतली इंग्लंडविरुद्धची उपांत्य लढत पाहायला 75 हजारांवर लोक आले, आणि तेव्हापासून मुलींची रीघ लागली, असं इथले जुने सभासद सांगतात. मी स्वतः पाहिलं ते एवढं: आमच्या गटात पहिल्या वर्षी मुलींचा एक संघ जेमतेम जुळला. यंदा दोन झाले, वर वेटिंग लिस्ट.

मैदान मात्र तेवढंच राहिलं. ते कौन्सिलचं (म्हणजे इथल्या नगरपालिकेचं), उन्हाळ्यात क्रिकेटवाल्यांचं. दिवे एकाच बाजूला, त्यामुळं मंगळवारच्या सरावाला चार संघ त्या उजेडात दाटीवाटीनं. मोठा पाऊस झाला की सकाळी मैदान बंद असल्याचा मेसेज येतो. मुलींना कपडे बदलायला धड खोली नाही, आणि हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

दुसरी अडचण माणसांची. प्रशिक्षक म्हणजे कुणाचे तरी आई-बाबाच, बिनपगारी. यंदा मे महिन्यात आमच्या प्रशिक्षकांची नोकरी बदलली, ते गेले आणि महिनाभर मुली नुसत्या चेंडू बडवत होत्या. कमिटीला तीन ईमेल केले, उत्तर आलं नाही. राग आला होता. मग एका शनिवारी पाहिलं, कमिटीतल्या ताई एका हातानं कँटीनमध्ये सॉसेज परतत होत्या, दुसऱ्या हातानं कुणाच्या तरी गुडघ्याला बर्फ लावत होत्या. त्याच आठवड्यात मी 'वर्किंग विथ चिल्ड्रन चेक'चा, म्हणजे मुलांसोबत काम करणाऱ्यांच्या पार्श्वभूमी तपासणीचा, अर्ज भरला (स्वयंसेवकांना तो व्हिक्टोरियात मोफत आहे), छोटा कोर्स केला आणि संघ घेतला.

फी स्वस्त नाही. शिन पॅड आणि बूट वेगळे घ्यावे लागतात, पण कँटीनशेजारच्या खोक्यात लहान झालेले बूट लोक ठेवून जातात. आधी तिथं बघा, मगच दुकानात जा.

पुढच्या सीझनची नोंदणी उघडली की त्याच दिवशी करा. आणि फॉर्मवर मदतीबद्दल विचारलं असेल तर 'हो' लिहा. शनिवारी सकाळी साडेसातला गोलच्या जाळ्या बांधायला अजून आम्ही तिघंच असतो.