बसलेला धोंडा की सुटलेला धोंडा: पुण्याहून हंपी की सांदण?

शेजारच्या सोसायटीतल्या मित्राने परवा विचारलं, "सिंहगड, राजगड, तिकोना सगळं झालंय. आता मोठमोठ्या धोंड्यांमधून वाट काढत चालायचंय. जानेवारीत तीन दिवस मोकळे आहेत, कुठे जाऊ?" बरोबर बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि आई. "आई येईलच असं नाही," असं तो म्हणाला. काकू येणार हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यांचे गुडघे दुखतात हेही ठाऊक आहे, कारण लिफ्ट बंद पडली की जिन्यात आमची भेट होते.

त्याच्या डोक्यात दोन नावं होती, सांदण दरी आणि हंपी. मी दोन्हीकडे दोनदोनदा गेलोय. मला विचाराल तर ही निवड अंतरावरून किंवा फोटोंवरून करूच नये. तिथले धोंडे तिथे कसे आले, यावरून करावी.

आधी एक शंका मिटवतो. एवढं लांब कशाला, पुण्याजवळ नाही का काही? धोंड्यांच्या बाबतीत फारसं नाही. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, थरावर थर साचून झालेला. म्हणून आपल्याकडे ताशीव कडे मिळतात, सपाट माच्या मिळतात, कातळात कोरलेल्या पायऱ्या मिळतात. हत्तीएवढ्या गोल शिळांचं रान मात्र मिळत नाही. मोठे धोंडे सापडतात ते कड्याच्या पायथ्याशी, नाळेत म्हणजे कड्यांमधल्या चिंचोळ्या घळीत, नाहीतर ओढ्याच्या पात्रात, म्हणजे वरून सुटून जिथे येऊन अडकले तिथे. सांदण दरी ही अशा अडकलेल्या धोंड्यांचीच जागा आहे.

हंपीचा खडक वेगळा, ग्रॅनाइट, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. हा जमिनीच्या पोटात खोलवर सावकाश थंड झाला. त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या आणि पाणी त्या भेगांतून मुरत राहिलं. चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात, कारण तिथे पाणी दोन-तीन बाजूंनी लागतं. कोपरे गेले की ठोकळा गोल होतो. मग भोवतालची कुजलेली माती वाहून जाते आणि गोल शिळा एकीवर एक रचल्यासारख्या उघड्या पडतात. पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी उतरंड मांडून ठेवलीय. प्रत्यक्षात त्या बहुतेक जागच्या जागीच घडल्यात, कुठून गडगडत आलेल्या नाहीत.

हे नुसतं पुस्तकी ज्ञान नाही, तळपायाला कळतं. हंपीत शिळेवर पाय ठेवला की ती हलत नाही. सांदण दरीत दर चौथा धोंडा डुगडुगतो.

सांदणचं सांगतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडीच्या पुढे साम्रद गाव लागतं. पुण्याहून आळेफाट्यामार्गे दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण शेवटचा टप्पा घाटवळणांचा, त्यामुळे पाच-साडेपाच तास धरा. शुक्रवारी रात्री निघून पहाटे पोचायचं ही ट्रेकर मंडळींची जुनी खोड. मुलं बरोबर असतील तर ती मोडा, आदल्या दुपारी पोचा आणि गावात मुक्काम करा. साम्रदमध्ये घराघरांतून राहायची-जेवायची सोय होते. पिठलं, भाकरी, ठेचा, आणि पहाटे अंगणातून रतनगड आणि अलंग-मदन-कुलंगची रांग.

गावातून चालत थोड्याच वेळात दरीचं तोंड येतं. सांदीकोपऱ्यातली सांदी आठवा, ही तशीच एक सांद, फक्त दोन्ही बाजूंना 200 ते 300 फूट उंच कातळ. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतील की काय असं वाटतं. ऊन तळापर्यंत जेमतेम पोचतं. कुणीतरी हमखास सांगतं की ही आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी आहे. मान डोलवा आणि पुढे चला, दरीला त्या शिफारशीची गरज नाही.

आत शिरल्यावर सगळी वाट धोंड्यांचीच. फ्रीजएवढे, रिक्षाएवढे, एखादा चक्क एसटीएवढा. चालणं असं नसतंच: बसायचं, पाय सोडायचा, हाताने तोलायचं, पुन्हा उठायचं. पहिल्या वेळी माझ्या पुढच्या माणसाने एका काळ्या तुळतुळीत धोंड्यावर पाय दिला आणि धोंडा आवाज न करता बोटभर कलला. बोटभरच. पण त्याचा घोटा दोन धोंड्यांच्या मधल्या फटीत गेला आणि परतीला आम्ही त्याला आळीपाळीने खांदा दिला. तेव्हापासून मी धोंड्यावर आधी अर्धं वजन टाकतो, मग पूर्ण. काठी असेल तर तिने टोकून बघतो. वाटाड्या म्हणून आलेला गावातला पोरगा मात्र प्लास्टिकच्या चपलांत उड्या मारत जात होता, त्याच्याशी स्पर्धा करू नका.

वाटेत पाण्याचे दोन डोह लागतात. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर कमरेच्या वर पाणी, मार्च-एप्रिलपर्यंत घोटाभर किंवा तेही नाही. जानेवारीत मधलं काहीतरी, पण गार इतकं की बोटं बधिर होतात. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, कोरडे मोजे सॅकच्या वरच्या कप्प्यात.

इथे निवडीतली पोटनिवड येते. डोह ओलांडून पहिल्या मोठ्या कड्याच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरता येतं. याला दोर लागत नाही, अर्धा दिवस पुरतो, आणि धोंड्यांची हौस पुरेपूर भागते. त्यापुढे दरी कोकणात उतरते. साधारण 45 फुटांचं पहिलं रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं, मग त्याहून लहान टप्पे, आणि तळातून पायपीट करत शहापूर तालुक्यातलं डेहणे. हे जाणकारांबरोबर, हार्नेस-हेल्मेट घालूनच. शिवाय यात पुणेकरांची एक हमखास फसगत होते: गाडी राहते वर साम्रदला, आपण पोचतो खाली कोकणात. मग एकतर दरीच्या तळाशी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी करोली घाटाने वर चढायचं, नाहीतर डेहण्याहून आसनगाव, तिथून लोकलने कल्याण आणि पुढे पुण्याची गाडी. गाडी वर आणि आपण खाली, हे आधी ठरवलं नाही तर रविवारी रात्री नवरा-बायकोत जो संवाद होतो तो मी इथे लिहीत नाही.

आणखी एक. मी दोराच्या ट्रेकला एका ग्रुपबरोबर गेलो तेव्हा पहिल्या रॅपलिंगपाशी साठेक माणसं आणि दोर एकच. दोन तास धोंड्यावर बसून चिक्की खाल्ली, आणि खाली उतरेपर्यंत दरीत संध्याकाळ झाली होती. बाहेर चार वाजता लख्ख ऊन असताना आत टॉर्च काढावा लागला. पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा: माणसं किती, दोर किती. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा ग्रुप बघा.

आता हंपी. पुण्याहून सोलापूर, विजयपूर, हुनगुंद करत होस्पेटला जायचं, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, गाडीने पूर्ण दिवस. नाहीतर रात्रीच्या स्लीपर बसने होस्पेट आणि तिथून 13 किलोमीटर हंपी. तीन दिवसांतले दीड प्रवासात गेले असंच समजा. मात्र एकदा पोचलात की चालायला जे मिळतं ते सांदणच्या बरोबर उलटं. सांदण दरीत तुम्ही तळाशी आणि धोंडे डोक्यावर, हंपीत धोंडे पायाखाली आणि डोक्यावर फक्त आभाळ.

खरी चढाई मातंग टेकडीची. अर्धा-पाऊण तास, काही ठिकाणी जुन्या दगडी पायऱ्या, काही ठिकाणी तिरक्या शिळांवरून सरळ चढ. माथ्यावर वीरभद्राचं देऊळ आहे, खाली अच्युतरायाचं मंदिर एखाद्या नकाशासारखं उलगडलेलं दिसतं, पलीकडे तुंगभद्रा. लोक सूर्योदयाला जातात. जा, पण चार-पाच जणांत जा, अंधारात एकट्यादुकट्याने नको. हा अस्वलं आणि बिबट्यांचा मुलूख आहे, दरोजीचं अस्वलांचं अभयारण्य जवळच आहे.

हा खडक हाताला कसा लागतो ते सांगायलाच हवं. आपला लाव्हाचा खडक, बसाल्ट, बारीक पोताचा, शेवाळ आलं की साबण. ग्रॅनाइटमध्ये गुलाबी-पांढरे स्फटिक दिसतात आणि ते पॉलिश पेपरसारखे पकडतात. साध्या बुटांनी तिरक्या शिळेवर चालत जाता येतं, सुरुवातीला विश्वास बसत नाही. त्याची किंमतही आहे: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या बोटांची टोकं इतकी सोलली होती की इडली सांबारात बुडवताना झोंबलं. या पकडीमुळेच जगभरातून बोल्डरिंगवाले, म्हणजे दोराशिवाय लहान शिळा चढणारे लोक, पाठीवर गाद्या घेऊन इथे येतात.

आणि हंपीत एक गोष्ट आहे जी सांदणपाशी नाही: माणसाचा हात. वाटेतल्या कितीतरी शिळांच्या अंगावर बोटभर लांबीच्या खाचांची सरळ रांग दिसते. पाथरवटांनी पाचरी ठोकून शिळा फोडण्यासाठी पाडलेल्या त्या खाचा. काही शिळा त्या रांगेवर पावाच्या लादीसारख्या सरळ फुटल्यात, काहींवर रांग पाडून झाली आणि शिळा तशीच राहिली. 1565च्या लढाईनंतर विजयनगर, म्हणजे हेच हंपी, उजाड झालं. ती अर्धवट शिळा त्याच कारणाने राहिली की कारागिराला आवडली नाही, कोण जाणे. माझ्या मुलाने त्या खाचांत एकेक बोट घालून त्या मोजल्या, अकरा भरल्या. देवळांच्या खांबांपुढे तो दोन मिनिटं थांबला नव्हता.

कमी चढणाऱ्यांसाठी विरूपाक्ष मंदिराला लागूनच हेमकूट आहे. टेकडी म्हणायची इतकंच, मोठा उतरता कातळ, त्यावर लहान लहान देवळं आणि संध्याकाळचं ऊन. काकूंना तिथे बसवता येईल. नदीपलीकडे अंजनाद्री, हनुमानाचं जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध, 575 पायऱ्या. पायऱ्या आहेत म्हणून सोपं असं काकूंना सांगू नका, उतरताना गुडघे जिन्यापेक्षा जास्त बोलतात.

ऋतूचा हिशोब थोडक्यात. जानेवारीत दोन्ही चालतात. मार्च ते मे हंपीत कातळ तव्यासारखा तापतो, तेव्हा सांदणची सावली बरी, मात्र अवकाळीचा अंदाज असेल तर त्या दरीत शिरायचं नाही, वरच्या अंगाला पडलेला पाऊस सगळा याच फटीतून वाहतो. जून ते सप्टेंबर सांदणचं नाव काढू नका. हंपी पर्जन्यछायेत, त्यामुळे 15 ऑगस्टच्या जोडसुट्टीला पुण्यात धो धो असताना तिथे ढगाळ आणि सुखाचं असतं. फक्त धरणातून पाणी सोडलं की नदीकाठचे मंडप बुडतात आणि गोल टोपलीसारख्या नावा बंद होतात.

अशा चर्चेत तिसरं नाव कुणीतरी काढतंच, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट. बेलपाड्याहून कोकणकड्याशेजारच्या धोंड्यांनी भरलेल्या नाळेतून वर. ज्याला हा लेख वाचून ठरवावं लागतंय त्याने ती यंदा करू नये. तिथे सुटलेला धोंडा पायाखाली असतो आणि वरच्या माणसाच्या पायाखालून सुटून आपल्याकडे येणाराही असतो. आणि ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी पारनेरजवळचं निघोज बघावं. तिथे धोंडे नाहीत, कुकडीच्या पात्रात पाण्याने दगड गरगर फिरवून पाडलेले रांजणखळगे आहेत. दुपारपर्यंत बघून घरी येता येतं.

तर मित्राला मी काय सांगितलं? तो, बायको आणि मुलगी असते तर डोळे झाकून सांदण, कड्याच्या तोंडापर्यंत जाऊन परत. मुलीला पाण्यातून चालायला आणि धोंड्यांखालून रांगायला जे मिळेल ते हंपीत मिळणार नाही, प्रवासही निम्म्याहून कमी. दोराचा ट्रेक तिच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी. पण काकू आल्या तर साम्रदच्या अंगणात त्या दिवसभर करतील काय? धोंडे त्यांना तोंडापाशीच अडवणार. हंपीत पहाटे तिघं मातंगवर, काकू हॉटेलवर निवांत, आणि संध्याकाळी चौघं हेमकूटावर.

काल जिन्यात काकू भेटल्या. लिफ्ट चालू होती तरी चढत होत्या. म्हणाल्या, "सराव करतेय. ते मातंग का काय ते, किती पायऱ्या आहेत रे?"