रमा की अरुंधती? सहा आठवड्यांच्या विश्रांतीसाठी एका मालिकेची निवड

आमच्या इंदिरानगरच्या इमारतीतील शेजारच्या काकूंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी त्यांना सहा आठवडे घराबाहेर पडायचे नाही असे बजावले. "एखाद्या खमक्या बाईची मालिका सुचव गं, पण सारखी रडारड असलेली नको," असे त्यांनी मला सांगितले. बराच विचार करून मी त्यांच्यापुढे दोन नावे ठेवली, 'उंच माझा झोका' आणि 'आई कुठे काय करते'. पहिली मी नेमाने आणि सबंध पाहिली होती, तर दुसरी निम्म्यापर्यंत रोज आणि त्यानंतर स्वयंपाक करता करता जमेल तशी पाहिली, हे आधीच कबूल केलेले बरे.

'उंच माझा झोका' झी मराठीवर २०१२ आणि २०१३ या वर्षांत प्रसारित झाली. ती रमाबाई रानडे यांच्या आयुष्यावर बेतलेली असून दिग्दर्शन वीरेंद्र प्रधान यांचे आहे. लहानपणची रमा तेजश्री वालावलकरने, मोठी रमा स्पृहा जोशीने आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे विक्रम गायकवाड यांनी साकारले आहेत. नाशिककरांना या कथेबद्दल थोडी जास्त आपुलकी वाटावी अशी दोन कारणे आहेत. एक तर न्यायमूर्तींचा जन्म १८४२ साली आपल्याच जिल्ह्यातील निफाडचा, आणि दुसरे म्हणजे १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाल्यामुळे रमाबाईंच्या संसाराचा काही काळ याच गावात गेला.

ही मालिका निवडावी की नाही, हे माझ्या मते एका प्रश्नावर ठरते. नायिकेचे बळ तिच्या नवऱ्याच्या पाठिंब्यातून आलेले असेल, तर ते आपल्याला पुरेसे वाटते का? १८७३ मध्ये अकरा वर्षांची रमा एकतीस वर्षांच्या बिजवराशी लग्न करून येते. हा वर विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कर्ता आहे, तरीही वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्याने एका कोवळ्या मुलीशी लग्न केलेले आहे. मालिका न्यायमूर्तींना फार लवकर देवपण देते आणि ही विसंगती हवी तितकी बोचू देत नाही, अशी माझी तक्रार आहे. तोच नवरा रमेच्या हाती पाटी-पेन्सिल देतो आणि तिथून पुढची खरी लढाई माजघरात सुरू होते. नवऱ्याचे ऐकून शिकावे तर घरातल्या बायका टोमणे मारणार, आणि त्यांचे ऐकून पाटी बाजूला ठेवावी तर नवरा खट्टू होणार. आरडाओरडा न करता, कोणालाही उलट उत्तर न देता ही मुलगी रोज थोडी थोडी पुढे सरकते. तिचा तो धीमेपणा मला कोणत्याही आवेशपूर्ण भाषणापेक्षा अधिक भावला. मालिका पाहून झाल्यावर रमाबाईंचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० चे पुस्तक अवश्य वाचावे. मात्र ते १९०१ मध्ये न्यायमूर्तींच्या निधनापाशी थांबते, त्यामुळे पुण्यातील सेवासदन उभारणाऱ्या आणि पुढे १९२४ पर्यंत कार्यरत राहिलेल्या रमाबाई त्यात फारशा भेटत नाहीत.

'आई कुठे काय करते' स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. मूळ कथा 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेची असून तिच्यावरूनच हिंदीत 'अनुपमा' आली. तरीही मराठी रूपातले देशमुखांचे घर, त्यातले सासरे आप्पा, सासू कांचन आणि उठता-बसता आईला गृहीत धरणारी मुले हे सगळे आपल्याच ओळखीचे वाटते. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सोहळ्यातच नायिका अरुंधतीला तिचा नवरा अनिरुद्ध आणि संजना यांच्या संबंधांचा पत्ता लागतो. काकूंच्या लेकीचा आक्षेप असा की, हे कळल्यावरही ती बाई इतके महिने घरात का थांबली? मला ते रेंगाळणे अगदी खरे वाटते. पंचवीस वर्षे ज्या घरात डबे भरले, औषधांच्या वेळा सांभाळल्या, ते घर बाई एका एपिसोडमध्ये सोडत नाही. अरुंधती साकारणाऱ्या मधुराणी प्रभुलकर यांनी हा काळ फार संयमाने उभा केला आहे. सुरुवातीची अरुंधती प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणते, जणू बोलण्याचीही परवानगी मागते. पुढे तिचे गाणे परत येते तसा तो आवाज वाक्याच्या शेवटापर्यंत टिकू लागतो. हा बदल लक्ष देऊन ऐकण्यासारखा आहे. संजनालाही लेखकांनी केवळ खलनायिका ठेवलेले नाही. अनिरुद्धशी लग्न झाल्यावर तिच्या वाट्यालाही तोच अनिरुद्ध येतो, आणि हा भाग मालिकेतील सर्वांत शहाणा भाग आहे.

त्यानंतर मात्र पाणी घालणे सुरू होते. मुलांची लग्ने, त्यांची भांडणे, गैरसमज यांत अरुंधती सगळ्यांची तंटामुक्ती समिती होऊन बसते. आशुतोषशी झालेल्या तिच्या दुसऱ्या लग्नाचा विषय चाळिशी ओलांडलेल्या प्रेक्षकवर्गासाठी खरोखर धाडसाचा होता, पण तोही पुढे तिच्याकडून काढून घेतला गेला, याचे मला अजून वाईट वाटते.

वेळेचा हिशेबही पाहायला हवा. जाहिराती वगळल्या तरी एक भाग वीस-बावीस मिनिटांचा होतो, आणि पाच वर्षांची मालिका सहा आठवड्यांत संपवणे कोणालाच शक्य नाही. रमेची गोष्ट दीड वर्षाच्या आत संपलेली आहे आणि इतिहासाला बांधलेली असल्यामुळे तिला मनमानी फाटे फुटत नाहीत. सासू, सून आणि नात एकत्र बसून पाहणार असतील तर तीच घ्यावी. नातीला जुनी भाषा आधी जड जाईल, पण आठवडाभरात सवय होते. ज्या बाईच्या मनात स्वतःच्या संसाराविषयीचा हिशेब चालू आहे, तिने अरुंधतीकडे जावे, आणि शक्यतो एकटीने पाहावे. घटस्फोट झाल्यावर थांबले तरी काही बिघडत नाही.

काकूंना मी 'उंच माझा झोका' सुचवली. त्यांनी ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी डबा द्यायला गेले तेव्हा गुडघ्याखाली उशी घेऊन त्या अरुंधतीचा तिसरा भाग पाहत होत्या. "रमा तुझ्या काकांबरोबर बघेन," असे त्या टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाल्या.