जुन्या जीपचं जुनं मॅन्युअल : आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, हे पुस्तक वाचायला म्हणून घेऊ नका. झोप येते. मी तीन रात्री प्रयत्न केला. ते गाडीखाली पडल्यावर, हात काळे झाल्यावर आणि दोन माणसांचं भांडण जुंपल्यावर उघडायचं पुस्तक आहे.

मागच्या आषाढात बियाण्यांच्या एका मीटिंगसाठी हैदराबादला गेलो होतो. रविवार मोकळा होता, म्हणून आबिड्सला फुटपाथवर पुस्तकांचा बाजार भरतो तिकडं हिंडत होतो. गाइडांच्या ढिगाऱ्यात कव्हर नसलेलं, पाठ सुतळीनं शिवलेलं एक पुस्तक दिसलं. आत जीपचं इंजिन उभं चिरून दाखवलेलं. विलिज या अमेरिकन कंपनीच्या युनिव्हर्सल जीपचं सर्व्हिस मॅन्युअल. म्हातारा तीन हजार म्हणाला, चौदाशेला दिलं. परभणीला येईपर्यंत पिशवीतून डांबरगोळीचा आणि डिझेलचा वास डब्यात सुटला होता.

घरी बप्पांनी ते पाहिलं आणि आईला म्हणाले, "तिला इकून टाक म्हणलं तर ह्यानं तिची पोथीच आणली."

जीप आमची महिंद्राची सीजे-थ्रीबी, पेट्रोलवरची, आजोबांनी घेतलेली. कापसाच्या दिवसांत ट्रॉली लावून मानवतच्या जिनिंगला तिच्या फेऱ्या व्हायच्या. आसपासच्या जीपांची पेट्रोल इंजिनं एकेक करून निघाली आणि त्यांत डिझेल बसली. आमचीचं इंजिन वाचलं, कारण तेव्हा ती बंद पडून गोठ्याशेजारी उभी होती. आळसानं वाचलेली वस्तू. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ते १९६८ निघालं. आपल्याकडं तोच साचा पुढं कितीतरी वर्षं चालू राहिला, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. पण "मिळतात" आणि "बसतात" यांत फरक आहे, आणि पुस्तकाची किंमत तिथं कळायला लागते.

पहिला धडा चाकाचा. पंक्चरवाल्या पोरानं डाव्या मागच्या चाकाचा नट सोडवायला पान्याला पाइप घातला, वर उभा राहिला आणि स्टड, म्हणजे नट बसतो तो बोल्ट, तोडला. दुसऱ्यालाही तेच. मी घरी येऊन पुस्तक उघडलं. या जीपांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, सोडवायला पाना घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा. तो पोरगा जीव तोडून नट आवळत होता. पुढं गंमत अशी, की आमच्या डाव्या पुढच्या चाकाला सरळ आटे निघाले. म्हणजे कधीतरी कुणीतरी तिथलं सामान बदललंय. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पुस्तकाचं काम पक्कं झालं. गाडी कशी चालवावी किंवा दुरुस्त करावी हे मिस्तरीला माझ्यापेक्षा शंभरपट कळतं. गाडी मुळात कशी होती, हे मात्र त्या गाडीला हात लावलेल्या एकाही माणसाला आता सांगता येत नाही. पन्नास वर्षांत प्रत्येकानं थोडं थोडं बदललं आणि पुढच्यानं त्यालाच मूळ समजून त्यावर आपलं चढवलं.

आमचे मिस्तरी जिंतूर रोडचे. वय सत्तरीच्या पुढं, सगळे त्यांना चाचा म्हणतात. पुस्तक पाहून म्हणाले, "किताबां पढके गाडी बनती तो मास्टरां के घर में चार चार गाड्यां रहते." मी गप्प बसलो. माझं इंग्रजी तरी काय, कृषी सेवा केंद्रातल्या औषधांच्या लेबलांपुरतं. पण या पुस्तकाला तेवढं पुरतं. वाक्यं आखूड आहेत, हे सोडव, ते काढ, हे माप घे. अडलं तर चित्र आहे.

भांडण झालं टॅपेटवरून, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायच्या बारीक फटीवरून. आमच्या जीपेतल्या या हरिकेन नावाच्या इंजिनाची रचना जरा चमत्कारिक. आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये. इंजिन उंच झालं म्हणून बोनेटही उंच करावं लागलं. थ्रीबी लांबून ओळखू येते ती त्या उंच कपाळामुळं. चाचा सगळ्या व्हॉल्व्हना ०.०१६ इंच ठेवायचे. पुस्तक म्हणतं, इंजिन थंड असताना एक्झॉस्टला ०.०१६ आणि इनटेकला ०.०१८. मी आकडा दाखवला तर चाचांनी फिलर गेज, फट मोजायच्या पात्या, माझ्या हातात दिलं आणि चहाला निघून गेले. राग आला की ते चहाला जातात.

चार दिवसांनी त्याच प्रकरणात मागची पानं चाळताना उलगडा झाला. हरिकेनच्या आधीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असत, आणि त्याला दोन्हीकडं ०.०१६. चाचा पोरवयात ज्या उस्तादाकडं शिकले तिथं त्या जुन्या जीपा यायच्या. आकडा खोटा नव्हता, आधीच्या इंजिनाचा होता. हे सांगितल्यावर ते बराच वेळ ते पान बघत राहिले. मग म्हणाले, "उस्ताद झूट नै बोलते थे." इनटेक १८ वर सेट करून दिले. खरं सांगायचं तर दोन हजारांश इंचानं जीप काही उडायला लागली नाही. टकटक थोडी नीट ऐकू येते एवढंच. पण त्या दिवसानंतर पुस्तक गॅरेजमध्ये न्यायला परवानगी मिळाली.

आणि मग पुस्तकानं दुसरं तोंड उघडलं. ते ज्याच्याकडं आधी होतं त्यानं कडेला पेन्सिलीनं उर्दूत लिहून ठेवलंय. मला ती नक्षी वाटायची. चाचांनी चष्मा पुसला आणि अडखळत वाचायला लागले. चाकाच्या पानावर नुसतं "बायां उल्टा". आमचे दोन स्टड वाचले असते. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सला चिकटलेली, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी. तिच्या पानावर मोठा मजकूर होता: गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, दोघांचं तेल एकमेकांत जातं, एकात कमी दिसलं तर दुसऱ्यात बघ, मग सील बघ. आमच्या जीपचं नेमकं हेच दुखणं होतं. गिअरबॉक्समधलं तेल दर पंधरा दिवसांनी उतरायचं, जमिनीवर मात्र थेंब नाही. आम्ही वर्षभर ते हवेत जातं असं समजत होतो. ट्रान्सफर केसचा लेव्हलचा बोल्ट उघडला तर तेल धारेनं बाहेर आलं.

छापील इंग्रजी मी वाचायचं, कडेचं उर्दू चाचांनी, असं आता चालतं. कोरी करकरीत प्रत मिळाली असती तर यातला अर्धा उपयोग गेला असता. पुस्तकं जमवणारे लोक लिहिलेली, डागाळलेली प्रत नको म्हणतात आणि भाव पाडतात. तुम्हाला गाडी चालू करायची असेल तर तीच घ्या. ज्या पानावर सगळ्यात जास्त ग्रीसचे अंगठे, ते दुखणं त्या गाडीला सगळ्यात जास्त होतं, असं बेलाशक समजा.

आता चार चाकांचं प्रकरण. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

पावसाळ्यात आमच्या शेतरस्त्याला काळी माती अशी काही धरते की बैलगाडीचंही चाक फिरत नाही. तिथं फोर-व्हील टाकली, म्हणजे दांडा ओढून चारही चाकांना जोर दिला, की जीप कण्हायची, पुढं ओढल्यासारखी आणि मागं धरल्यासारखी. दांडा परत काढायला जोर लावावा लागे. कोरड्या डांबरावर असं होणं साहजिक आहे. या जीपेत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये फेऱ्यांतला फरक झेलणारं काही नसतं, म्हणून फोर-व्हील फक्त निसरड्यावर वापरायची. पण चिखलात चाक घसरून तो ताण सुटायला पाहिजे. आमचा सुटत नव्हता. एकानं सांगितलं गिअरबॉक्स गेला, दुसऱ्यानं सांगितलं ट्रान्सफर केस बदला, भाव पंचवीस हजार. पुस्तकात ॲक्सलच्या प्रकरणात साधं वाक्य आहे, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे होतात ते, एकच पाहिजे. या जीपेला मुळात ५.३८, म्हणजे क्राउनला (मोठ्या दातेरी चाकाला) ४३ दात आणि पिनियनला (लहान चाकाला) ८.

हाउसिंग न उघडता रेशो मोजता येतं, कुणीही करून पाहावं. एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. गाडी न्यूट्रल, बाकीच्या चाकांना दगड. हँडब्रेक मात्र सोडलेला हवा, कारण या जीपेचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागं प्रोपेलर शाफ्टला धरतो. शाफ्टवर खडूची रेघ मारायची, उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं (दुसरं थांबलेलं असतं, म्हणून हे दोन फेरे हिशेबाला एकच) आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. पुढं पाच फेरे होऊन तिसऱ्या हिश्शाच्या थोडं पुढं आले. मागं पाचही भरले नाहीत. तीनदा मोजलं, पोराला मोजायला लावलं, तेच. मागचा ॲक्सल कुठल्यातरी दुसऱ्या जीपेचा, ४.८८ चा निघाला. म्हणजे फोर-व्हील टाकली की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या हिशेबानं फिरायचा हट्ट करत होती, आणि मधे भरडली जात होती बिचारी ट्रान्सफर केस. बप्पांना विचारलं तेव्हा त्यांना आठवलं, ७२ च्या दुष्काळानंतर कधीतरी मागचा ॲक्सल मोडला होता आणि आजोबांनी "कुठून तरी" आणून टाकला होता. नुसत्या मागच्या चाकांच्या जोरावर चालवताना तो कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

चौदाशे रुपये इथं वसूल झाले.

आता तक्रारी. पुस्तक अमेरिकेचं, त्यामुळं स्टिअरिंग डावीकडं. त्या प्रकरणातली चित्रं आरशात बघितल्यासारखी वाचावी लागतात, आणि दोन सुट्या भागांच्या बाबतीत मी उलटं बसवून मोकळा झालो होतो. वायरिंगचा घडीचा नकाशा सहा व्होल्टचा, आमची जीप बारा व्होल्टची, म्हणजे ते पान शोभेचं. रेडिएटरचं पाणी गोठू नये म्हणून काय करावं यावर ऐसपैस मजकूर आहे. परभणीत मे महिन्यात ४३ अंशांवर कार्बोरेटरकडं जाणाऱ्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन गाडी रस्त्यात उभी राहते, त्यावर मात्र चार ओळी. तिथं चाचांची ओली फडकी कामाला येते, पुस्तक नाही.

तेला-पेट्रोलाच्या बाबतीत तर पुस्तकावर डोळे झाकून विसंबूच नका. त्यात नुसतं नव्वद नंबरचं गिअर ऑइल म्हटलंय. दुकानात आज जे सर्रास मिळतं ते जीएल-५ दर्जाचं, आणि त्यातली रसायनं गिअर अलगद पडावा म्हणून गिअरबॉक्समध्ये असलेल्या पितळी सिंक्रो रिंगांना सोसत नाहीत. जीएल-४ मागून घ्या. पेट्रोल तर पार बदललं. पुस्तकाला शिसं असलेलं पेट्रोल माहीत, आपल्याकडं ते २००० साली बंद झालं. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऑक्टोबरात आमच्या फ्युएल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटला. रबर जुनं, त्यात हे इंधन. डिपस्टिक काढली तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं आणि पेट्रोलचा भपकारा. तसंच चालवलं असतं तर बेअरिंगं गेली असती. आमच्याच भागातल्या उसाची मळी फिरून आमच्याच जीपेच्या पोटात गेली, तक्रार कुणाकडं करायची?

पान्यांचंही सांगायला हवं. सगळे नट इंचाचे. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ नंबरचा पाना बसल्यासारखा होतो आणि कडा गोल करतो. आमच्या जीपेचे निम्मे नट असेच गोल झालेले होते. पुस्तकाच्या आधी इंची पान्यांचा संच घ्या.

जुनी पुस्तकं शोधणाऱ्यांना माझं मत विचाराल तर पहिला नंबर सर्व्हिस मॅन्युअलला नाही, पार्ट्स लिस्टला. मला ती नंतर झेरॉक्समध्ये मिळाली, खराब छापलेली, तरी आठवड्यातून दोनदा उघडतो. कुठल्या वॉशरनंतर कुठली स्प्रिंग हे तिच्यातल्या सुट्या केलेल्या चित्रात जितकं स्वच्छ दिसतं तितकं मॅन्युअलमध्येही नाही. शिवाय पार्ट नंबर सांगितला की जालन्याचा दुकानदार "जीपचंच आहे, बसतंय" म्हणायचं थांबतो. घेताना मधली घडीची पानं आहेत का आणि तुमचं इंजिन त्यात आहे का, एवढं बघा. जीपच्या इतिहासाचं एक जाडजूड चकचकीत पुस्तकही मी हौसेनं घेतलं, तेही आता छापत नाहीत म्हणून चार हजार दोनशे मोजले. आठ महिन्यांत दोनदा उघडलं, दोन्ही वेळा पाहुण्यांना दाखवायला.

एका ठिकाणी तसली पुस्तकंही कामाची ठरतील. २०२१ साली केंद्रानं ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. मूळ रूप म्हणजे कोणतं, हे दाखवायला हातात काहीतरी छापील लागणारच. मी त्या वाटेला गेलो नाही. तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, आणि आमच्या जीपेला अजून खताची पोती ओढायची आहेत.

मूळ प्रत आता कपाटात, कसर लागू नये म्हणून कडुलिंबाच्या पाल्यात. गॅरेजला झेरॉक्स जाते. चाचांनीही त्या ट्रान्सफर केसच्या पानाची झेरॉक्स मागून घेतली. पान जरा आडवं धरून काढ म्हणाले, कडेचं लिहिलेलं कापलं जायला नको. मागच्या ॲक्सलसाठी ५.३८ चा जुना क्राउन-पिनियन नांदेडच्या भंगारात एका जागी आहे म्हणतात. तो मिळेपर्यंत फोर-व्हीलचा दांडा सुतळीनं बांधून ठेवलाय, म्हणजे सवयीनं हात गेला तरी पडू नये.