फोर्ड ७.३ पेट्रोल आणि मागे कॅम्पर : चौदा महिन्यांचा अनुभव

आम्ही डेन्व्हरला राहतो आणि मे ते सप्टेंबर दर दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी कॅम्पर जोडून डोंगरात जातो. कॅम्पर म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आमचा २६ फुटी. पाणी, सामान भरून ७,००० पौंड, म्हणजे जवळपास ३,२०० किलो. ओढायला २०२२ची फोर्ड एफ-२५० पिकअप ट्रक: ७.३ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन, दहा गिअरची ऑटोमॅटिक, मागच्या एक्सलचं गिअर-गुणोत्तर ४.३०. कॅम्परसकट ६,००० मैल झाले, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

घेण्याआधी महिनाभर मी नुसते आकडे घोकत होतो. फोर्ड ७.३ : ४३० हॉर्सपॉवर, ४७५ पौंड-फूट टॉर्क (चाक फिरवणारा जोर). जनरल मोटर्सचं (जीएम) ६.६ : ४०१ आणि ४६४. राम या कंपनीच्या ट्रकचं ६.४ हेमी : ४१० आणि ४२९. आमच्या रस्त्यावर या फरकाला फारसा अर्थ उरत नाही. टर्बो नसलेलं इंजिन हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं, आणि आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा आहे ११,१५८ फुटांवर. तिथे पोचेपर्यंत तिघांचीही जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते.

मग फरक पडतो तो गिअरबॉक्सने. मेव्हण्याच्या २०२१च्या सिल्व्हराडो २५००ला (यात जीएमचं तेच ६.६ इंजिन) माझाच कॅम्पर लावून त्याच चढावर नेला. इंजिन दणकट, पण गिअर सहाच, त्यामुळे दोन गिअरमधलं अंतर मोठं. वरच्यात दम पुरत नाही, खालच्यात टाकलं की आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, एकदम उसळतो. दहा गिअरमध्ये ही पायरी लहान होते आणि गाडी चढावर वेग धरून राहते. २०२४पासून जीएमने याच इंजिनाला दहा गिअरचा ॲलिसन गिअरबॉक्स दिला आहे, त्यामुळे नवी घेणाऱ्याला ही अडचण नाही. मित्राच्या रामचा आठ गिअरचा बॉक्स मला सगळ्यात गुळगुळीत वाटला. मात्र त्या इंजिनाला ८९ ऑक्टेनचं (वरच्या दर्जाचं) पेट्रोल भरायला सांगतात; बाकी दोन्ही ८७वर चालतात.

पहिल्या चढाला माझ्या तळहातांना घाम फुटला होता. टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर बदलायची वेगळी पद्धत) लावलेला, वेग ताशी ५० मैल, आरपीएमचा काटा ४,२००वर आणि बॉनेटखालून एकसारखी घरघर. मागे मुलं ओरडून बोलायला लागली. बायको म्हणाली, "अरे, बाजूला घे ना, काहीतरी तुटेल." तापमानाचा काटा मात्र मध्यावरून तसूभरही हलला नव्हता. या इंजिनाचा सगळा टॉर्क ४,०००ला मिळतो, ते तिथेच काम करायला बनवलंय. हे एकदा मनाला पटलं की भीती जाते. डिझेलच्या कमी आरपीएमची सवय असलेल्यांनी तर हे आधीच ध्यानात घ्यावं.

उतरताना खरी परीक्षा. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्नपर्यंत जवळपास सात टक्क्यांचा उतार आहे. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा आपल्या बोरघाटातला जुना नियम इथेही तसाच लागतो. ब्रेक थोडा दाबला की टो-हॉल खालचा गिअर पकडतो आणि इंजिनच गाडी रोखून धरतं. खाली थांबल्यावर मी प्रत्येक वेळी चाकाजवळ हात नेऊन बघतो. कोमट लागतं, बस्स.

सुरुवातीला शेजारून मोठा ट्रक गेला की कॅम्पर डोलायचा. दोन महिने मी माझ्या गाडीच्या सस्पेन्शनवर संशय घेत राहिलो. शेवटी कळलं की कॅम्पर विकणाऱ्या दुकानदाराने वजन वाटून देणाऱ्या हिचचे (गाडी आणि कॅम्पर जोडणाऱ्या कडीचे) बार सैल बसवले होते. ते नीट बसवल्यावर डोलणं थांबलं.

रिकामी गाडी गॅलनला १४ मैल देते, कॅम्परसह ८ ते ९. टाकी ३४ गॅलनची, म्हणजे अडीचशे मैलांवर पंप शोधायचा. लांबच्या प्रवासात हे खटकतं. तरीही डिझेलला सुमारे दहा हजार डॉलर जास्त मोजणं आमच्या वापराला परवडणारं नव्हतं. शिवाय डिझेल इंजिन जड, तेवढा पेलोड, म्हणजे गाडी अंगावर पेलू शकेल ते वजन, कमी.

कॅम्पर ओढायचा नसून ट्रकच्या पाठीवरच ठेवायचा असेल, तर टॉर्कपेक्षा आधी हा पेलोडच बघा. कॅम्परमधलं ४० गॅलन पाणीच ३३० पौंडांच्या वर जातं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळं स्टिकर असतं. त्यावर पेलोड असतो. माझ्या गाडीवर ३,१४० पौंड लिहिलंय. तुमचा आकडा सही करण्याआधी दार उघडून वाचा.