तेरा वर्षांच्या लेकीला मंडळीतल्या (म्हणजे आमच्या चर्चमधल्या) शनिवारच्या क्लासला घातलं, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो एका शनिवारपायी, तो खाली येईलच. मंडळीचं नाव टाकत नाहीये, दर रविवारी मला तिथेच बसायचंय. सेंट्रल लाईनवर दादरच्या अलीकडे एवढं पुरे, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

क्लास ११ ते १४ वयाच्या पोरांचा. शनिवारी चार ते सहा, शाळा सुरू झाली की चालू होतो आणि दिवाळीच्या सुट्टीआधी संपतो, शेवटी एक मुक्कामी शिबिर. फी १२०० रुपये, त्यात वही आणि खाऊ, शिबिराचे वेगळे. आमच्या बॅचला १९ पोरं होती. हा दृढीकरणाचा (कन्फर्मेशन, म्हणजे मोठं झाल्यावर आपला विश्वास सगळ्यांसमोर कबूल करायचा विधी) क्लास नाही हं, तो पुढे वेगळा होतो पाळकसाहेबांकडे, म्हणजे पास्टरकडे. हा त्याच्या आधीचा. संडे स्कूलच्या चित्रात रंग भरायच्या वयातून पोरं बाहेर आलेली असतात आणि मोठ्यांच्या उपासनेत जांभया देत बसतात, त्या मधल्या वयासाठी.

लेकीला का घातलं ते सांगते. आमचं आडनाव असं की ऐकून कोणालाही वाटतं सातारा-कोल्हापूरकडचे असणार. शाळेत कोणीतरी तिला म्हणालं, तू ख्रिश्चन? मग आडनाव असं कसं, नाव बदलून ठेवलंय का? आणि तिकडे वांद्र्याच्या मैत्रिणीच्या बर्थडेला गेली तर त्या पोरींनी विचारलं, तुम्ही मराठीत प्रेअर करता? सीरियसली? म्हणजे इकडच्यांना ती पुरती मराठी वाटत नाही आणि तिकडच्यांना पुरती ख्रिश्चन वाटत नाही. वर पिक्चरवाल्यांनी ख्रिश्चन म्हणजे फ्रॉकवाली मावशी आणि हातात बाटली असलेला काका एवढंच दाखवून ठेवलंय. आमच्या घरात तीन पिढ्यांत दारू नाही आणि आजी नऊवारीत उपासनेला जायची, पण ते कोण दाखवणार. तर ही पोर हळूहळू शाळेत धर्माचा विषय निघाला की पाणी प्यायला उठून जायला लागली. मला तिच्या क्लास टीचरनी सांगितलं तेव्हा कळलं.

मी स्वतः शिक्षिका आहे, बी.एड.ला मानसशास्त्रातला एरिक्सन पाठ केलाय, बारा ते अठरा म्हणजे ओळख विरुद्ध भूमिकांचा गोंधळ वगैरे. त्याच्यानंतर जेम्स मार्शिया म्हणून एकजण झाला, त्याने १९६६ मध्ये चार अवस्था मांडल्या, त्यातली एक अशी की पोराने स्वतः काही शोधलेलंच नसतं, आईबापाचं जसंच्या तसं उचलून घेतलेलं असतं, वरून एकदम पक्कं दिसतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवले मी त्याचे. पण आपल्याच घरात आपण पोरीला तेच करायला लावतोय हे काही तेव्हा डोक्यात आलं नाही.

आता क्लासबद्दल. शिकवायला एक ताई आणि एक दादा, दोघंही नोकरी करून शनिवारी येणारे. पहिले दोन शनिवार यथातथाच, ओळखपरेड आणि खेळ. तिसऱ्या शनिवारी बायबलमधला दानीएल घेतला आणि तिथून गाडी लागली रुळाला.

दानीएलाची गोष्ट आपण सगळ्यांनी त्याला सिंहांच्या गुहेत टाकतात तीच ऐकलेली असते. यांनी पहिलाच अध्याय घेतला. यरुशलेमहून धरून नेलेली तरणी पोरं, बाबेलच्या दरबारात तीन वर्षं तिथली भाषा आणि विद्या शिकायची, आणि सगळ्यांची नावं बदललेली. दानीएलाचा बेल्टशस्सर केला, बाकी तिघांचे शद्रख, मेशख, अबेद्नगो. दादाने विचारलं, नाव बदललं म्हणून ही पोरं बदलली का? शिक्षण घेतलं त्यांनी, नवीन नावांना ओ पण दिली, मग नाही कुठे म्हणाले? तर राजाच्या ताटाला. दहा दिवस भाजीपाला आणि पाणी द्या म्हणाले. एका पोराने लगेच विचारलं, म्हणजे दानीएल जैन होता का, आणि पूर्ण हॉल हसला (मी मागे डबे लावत होते म्हणून ऐकलं, एरवी पालकांना आत बसू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे).

पण त्यातूनच खरा प्रश्न निघाला. गणपतीचे वेध लागले होतेच. एक मुलगी म्हणाली, आमच्या मजल्यावर सहा घरी गणपती येतो, मोदक खायचा की नाही? चाळीत नाहीतर सोसायटीत वाढलेल्या प्रत्येक ख्रिस्ती पोराला हा प्रश्न पडलेला असतो आणि घरात त्याचं उत्तर बहुतेक वेळा डोळे वटारून मिळतं. आमच्याकडे वडील घेत नसत, आई दोन्ही हातांनी घेऊन शेजारणीला थँक्यू म्हणायची आणि मग तो डबा ओट्यावर तसाच पडून राहायचा, आम्ही भावंडं त्याच्याकडे बघत. ताईने हो पण नाही सांगितलं आणि नाही पण नाही सांगितलं. बायबलमधल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय काढला. तिथे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलापुढे हाच प्रश्न आहे, मूर्तीपुढे ठेवलेलं खायचं का. आणि तो नुसता नियम देत नाही, तुझ्या खाण्याने दुसऱ्या कोणाचं मन अडखळतंय का ते बघ म्हणतो. मग पोरांना सांगितलं, घरी जाऊन आईबाबांना विचारा ते काय करतात आणि का करतात. झालं, त्या रात्री आमच्या घरी अकरापर्यंत चर्चा. माझ्या नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं का सांगावं लागलं. काय ठरलं ते सांगत नाही, प्रत्येक घराचं वेगळं. फी तिथेच वसूल झाली म्हणा.

दुसरा भारी शनिवार पंडिता रमाबाईंचा. शाळेच्या पुस्तकात त्या चार ओळींत उरकतात. इथे दीड तास. मुंबईतच १८८९ साली त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं हे लेकीला माहीत नव्हतं, आपण चौपाटीला भेळ खायला जातो तिथेच म्हटल्यावर तिचे डोळे मोठे झाले. पण पोरांना खरी आवडली ती क्रूसाची गोष्ट. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला रमाबाईंनी, आणि त्यानंतर तिथल्या मठातल्या सिस्टर लोकांशी पत्रातून चांगल्या भांडल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमच्या संस्कृतमध्ये काय कमी आहे, असा त्यांचा मुद्दा. विश्वास धरला म्हणून डोकं गहाण नाही टाकलं बाईने. आणि पुढे म्हातारपणापर्यंत हिब्रू-ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र (बायबल) सोप्या मराठीत आणत बसल्या. घरी येताना लेक ट्रेनमध्ये म्हणाली, म्हणजे देवाच्या लोकांशी भांडलं तरी चालतं? मी म्हटलं हो, पण दप्तर पुढे घे, पाकीट जाईल.

वंशावळीचा गृहपाठ मात्र नाजूक होता. घरात पहिला बाप्तिस्मा कोणाचा, कुठे, ते विचारून यायचं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं १८३१ पासूनचं, त्यामुळे बऱ्याच पोरांचा धागा तिकडेच निघाला, आमचापण. पण हा विषय काढला की जातीचा विषय निघतो, आणि काही घरांत तो काढतच नाहीत. दोन पोरं कोरी वही घेऊन आली तर ताईने एक शब्द विचारला नाही, पुढे सरकली. एका मुलाने मात्र सरळ विचारलं, माझे चुलत भाऊ बौद्ध आहेत, आमचा पणजोबा एकच, मग त्यांना एससीचा दाखला आणि मला का नाही? दादाने त्याला गप्प बसवलं नाही. अनुसूचित जाती कोण ते ठरवणारा १९५० चा आदेश आधी फक्त हिंदूंसाठी होता, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून नाहीत, असं फळ्यावर लिहून दाखवलं. चौदा वर्षांच्या पोराला खरं सांगणारे मोठे लोक कमी भेटतात. (आमच्या बिल्डिंगमधल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या जुन्या ख्रिस्ती समाजातल्या, काकू हे ऐकून म्हणाल्या, तुमचं बरंय, आमचं तर नावच १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीला ठरवून घेतलेलं, गोव्या-मंगळूरकडच्यांपेक्षा आम्ही इथले मूळचे हे कळावं म्हणून, आणि तरी लोक विचारतात ईस्ट म्हणजे कलकत्ता का?)

पालकांची एक मीटिंग असते, ती चुकवू नका. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला बारा वर्षांचा येशू घेतला. सणाहून परत निघाले, दिवसभराची वाट चालून गेल्यावर कळलं पोरगा सोबत नाही, तीन दिवसांनी मंदिरात सापडला, गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारत होता. दादर स्टेशनला पोराचा हात सुटलेल्या प्रत्येक आईला ती मरिया कळते. ताईचा मुद्दा एवढाच होता की पोरगा हरवला नव्हता, आईबाप त्याला नको तिथे शोधत होते. एका बाबांनी मध्येच विचारलं की यात अटेंडन्सला मार्क आहेत का. असो.

आता कापलेला स्टार. मध्ये एका शनिवारी बाहेरचे एक वक्ते बोलावले. विषय पवित्र जीवन. एक तास मुलींचे कपडे, मुलींचे मोबाईल, मुलींचं हसणं. मुलांना काही नाही, ते आपले खूश. आणि शेवटी दिवे बारीक करून, हार्मोनियमवर कोणीतरी सूर धरून बसलंय, आणि ज्यांना आज येशूला जीवन द्यायचंय त्यांनी हात वर करा, पुढे या. पाच-सहा जण गेले. एक बारा वर्षांचा मुलगा नाही गेला आणि बाकावर रडत बसला, आपण वाईट आहोत असं वाटून. महिनाभर ताई-दादाने जे हलक्या हाताने उभं केलं त्यावर पाणी. मी पाळकसाहेबांना चार पानी पत्र लिहिलं. त्यांनी बोलावून शांतपणे ऐकून घेतलं, पुढच्या बॅचला असं होणार नाही म्हणाले, त्या मुलाच्या घरी स्वतः गेले. तरी स्टार परत देत नाहीये, पुढची बॅच बघू आणि मग.

लहान तक्रारी. वहीतले काही धडे सरळ इंग्रजीतून उचललेले, त्यात बर्फ पडला म्हणून शाळा बंद आणि लॉकरसमोर भेटलेली मैत्रीण. आमच्या पोरांनी पावसाने शाळा बंद असं खोडून लिहिलं. शेजारच्या खोलीत गायकसंघाची प्रॅक्टिस, त्यामुळे पाचनंतर ओरडून बोलावं लागतं. शिबिरात मोबाईल जमा, खिचडी बरी, बाथरूमबद्दल न बोललेलं बरं, बस पनवेलला दीड तास अडकली. पण पहाटे तासभर एकटं बसून देवाला पत्र लिहायचं होतं, ते लेकीने अजून कोणाला दाखवलेलं नाही, मी मागितलंपण नाही.

फरक पडला का? लगेच संत वगैरे झाली नाही, खोलीचा दरवाजा अजून तसाच आपटते. पण परवा लोकलमध्ये समोरच्या एका मावशींनी नाव विचारलं, मग आडनाव, मग गळ्यातला क्रूस बघून नेहमीचं, अगं मग तुम्ही कन्व्हर्ट झालात का? मी नेहमीप्रमाणे हसून विषय बदलणार तेवढ्यात ही म्हणाली, मी नाही, माझे खापरपणजोबा झाले, नगरला, तुम्हाला गोष्ट सांगू का? आणि कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत सांगत राहिली. अर्धी गोष्ट मलाच नवीन होती, आजीकडून कधी काढून घेतली कोणास ठाऊक.

पुढची नोंदणी मे महिन्याच्या शेवटच्या दोन रविवारी, उपासनेनंतर, ऑफिसात. कॅशच चालते. दोन पासपोर्ट फोटो लागतात, एकाचं ते काय करतात मला अजून कळलेलं नाही.