आशाताई की अंगणवाडीताई, घरी कोण आलेली बरी?

आमच्या वहिनीला बाळ झालं तेव्हा दोघी यायच्या, त्यामुळे फरक जवळून बघितलाय. आशाताईचं वेळापत्रक ठरलेलं, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट, घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त. ती आली की झोळीच्या काट्यात बाळाचं वजन करायची, थर्मामीटर लावायची आणि मग घड्याळ बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजायची, ६० किंवा जास्त भरले तर धोका. हे सगळं आपल्या गडचिरोलीतून आलंय बरं का, बंग डॉक्टर दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय.

अंगणवाडीताईचं काम लांब पल्ल्याचं, पार सहा वर्षांपर्यंत. वजन, उंची, घरी न्यायचा आहार, आणि मूल कुपोषणात घसरतंय का यावर लक्ष. पण तिच्या डोक्यावर रजिस्टरं, पोषण ट्रॅकर ॲपमध्ये नोंदी, वर अंगणवाडीतली पोरं, त्यामुळे घरी आली तरी अर्धं लक्ष मोबाईलमध्ये, तिचा तरी काय दोष म्हणा.

माझं मत विचाराल तर पहिल्या दीड महिन्यात आशाच हवी, खास करून बाळ कमी वजनाचं असेल तर. तिला सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये मिळतात फक्त!! बाळ वरचं खायला लागलं की मात्र अंगणवाडीताईला धरून ठेवा.