खोलण्यासाठी घेतलेलं इंजिन: जुन्या एव्ही वनवर डिझेलचं काम शिकण्याचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी एक जुनं किर्लोस्कर एव्ही वन डिझेल इंजिन विकत घेतलं. पाणी उपसायला नाही, खोलायला. आमचा धंदा मंडप आणि जनरेटर भाड्याने देण्याचा. लग्नसराईत सगळ्यांचीच मशीन एकाच आठवड्यात रुसतात आणि चांगला मिस्त्री तालुक्याला एकच असतो. दुरुस्ती त्यानेच करावी, पण बिघाड नेमका कुठे आहे एवढं तरी आपल्याला कळावं, इतकीच अपेक्षा होती. त्याच सुमारास शनिवार-रविवारचा डिझेल मेकॅनिकचा एक क्लासही लावला. दोन्हींचा अनुभव लिहितो, कारण ‘कुठून सुरुवात करू’ असं विचारणारे बरेच भेटतात.

आधी इंजिनाविषयी. एकच सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ११० मिमी, पाच एचपी, १५०० आरपीएम (मिनिटाला फेरे), पाण्याने थंड होणारं. एकेकाळी विहिरीवर, गिरणीत, रसवंतीत हेच दिसायचं. वीज आली, मोटारी आल्या आणि ही इंजिनं गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडली. म्हणून अजून मिळतात, भंगाराच्या भावापेक्षा थोडी चढ्या दराने. शिकायला एक सिलिंडरच हवा असं माझं ठाम मत झालंय. चार सिलिंडरच्या इंजिनात एक ढिला पडला तरी बाकीचे तीन त्याला सांभाळून नेतात आणि नवशिक्याला काहीच उमगत नाही. इथे एक टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची फट) चुकीचा सेट झाला तरी इंजिन तोंडावर सांगतं.

थिअरी मला क्लासमध्ये कळली नाही, गणित मांडल्यावर कळली. बोअर-स्ट्रोकवरून सिलिंडरचं आकारमान येतं ५५३ सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते तो आकडा, १६.५, म्हणजे पिस्टन वर गेल्यावर हवेला उरते जेमतेम ३६ सीसी जागा. एवढी हवा एवढ्याशा जागेत कोंबली की ती पाचशे अंशांच्या आसपास तापते आणि डिझेल त्यात पडताच पेटतं. स्पार्क प्लग नाही तो यामुळे. आता पिस्टनभोवतीच्या, हवा अडवणाऱ्या रिंगा झिजलेल्या असतील आणि थंडीच्या सकाळी हँडल सावकाश फिरत असेल, तर हवा बाजूने निसटते, उरलेली उष्णता थंड भिंती खातात आणि डिझेल न पेटता पांढऱ्या धुराच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडतं. ‘थंडीत स्टार्ट होत नाही’ या तक्रारीत निम्मं पुस्तक आहे.

दुसरं गणित डिझेलचं. पूर्ण लोडवर हे इंजिन तासाला साधारण लिटरभर, किंवा थोडं जास्त डिझेल पितं. फवारा दोन फेऱ्यांत एकदाच, म्हणून १५०० आरपीएमला मिनिटात ७५० फवारे, तासाला ४५ हजार. म्हणजे एका फवाऱ्यात सुमारे २५ घन मिलिमीटर डिझेल, पाण्याच्या एका थेंबाच्या जवळपास निम्मं. तो निम्मा थेंब दर वेळी तेवढाच आणि ठरल्या क्षणी सोडायचं काम डिझेलचा इंजेक्शन पंप करतो. हे समजल्यापासून पंप नुसत्या पान्याने उघडायचा मोह कायमचा गेला. एलिमेंट (पंपातला दट्ट्या) आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह (त्याच्या वरची झडप) यांचं काम पंपवाल्याचंच. आपण बाहेरून टायमिंग (डिझेल फवारण्याचा क्षण) तपासावं, हवा काढावी, फिल्टर बदलावा.

टायमिंग तपासणं हा मला सगळ्यात आवडलेला भाग. फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाचा, परीघ मापाच्या टेपने घ्यायचा, ३६० ने भागायचा. माझ्या फ्लायव्हीलवर एक अंश साडेतीन-चार मिलिमीटरचा भरतो. टीडीसीची (पिस्टन अगदी वर असतो त्या जागेची) खूण करून तिथून मॅन्युअलमध्ये दिलेले अंश मागे मोजले आणि खडूने दुसरी खूण केली. मग पंपाच्या डोक्यावरचा हाय प्रेशर पाइप काढला, रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) पूर्ण डिलिव्हरीला धरला आणि फ्लायव्हील हाताने अगदी सावकाश फिरवलं. पाइप काढलेल्या तोंडाशी डिझेलचा थर आरशासारखा स्थिर असतो. एका ठिकाणी तो किंचित फुगतो, बस. त्या क्षणी खडूची खूण जागेवर आली पाहिजे. नसेल, तर पंपाच्या बुडाखालच्या पत्र्याच्या शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करायच्या. शिम काढली की इंजेक्शन लवकर, घातली की उशिरा. टायमिंग फार आधी झालं की इंजिन ठोकतं, उशिरा झालं की धूर होतो, तापतं आणि दम राहत नाही. हे दोन्ही मी मुद्दाम करून ऐकलं. भाड्यावर जाणाऱ्या जनरेटरवर असले प्रयोग कोण करू देणार!

इंजिन खोलण्याआधी निदान करायची एक पद्धत आमच्या मिस्त्रीकाकांनी दाखवली, ती क्लासमध्ये कुणी सांगितली नव्हती. फ्लायव्हील हाताने कॉम्प्रेशनवर आणून तिथेच दाबून धरायचं आणि कान लावायचा. एअर क्लीनरकडून सुस्कारा आला तर इनलेट व्हॉल्व्ह गळतोय, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ब्रीदरमधून (ऑइलच्या भागातली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडातून) आला तर रिंगा, पाण्यात बुडबुडे दिसले तर हेड गॅसकेट. काका म्हणाले, “तुम्ही आधी ऐका, पाना नंतर घ्या.” माझ्या इंजिनात आवाज दोन ठिकाणांहून येत होता, ब्रीदरमधून जास्त.

हेड आणि पिस्टन काढल्यावर खरी मोजदाद. बोअरच्या वरच्या कडेला नख फिरवलं की कंगोरा लागतो. त्याच्या खालीच झीज सगळ्यात जास्त, कारण वरची रिंग तिथे क्षणभर थांबून उलटी फिरते, दाब आणि उष्णता तिथेच कमाल आणि ऑइलचा थर सगळ्यात पातळ. बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं मोजलं की टेपर (वर-खालचा फरक) आणि ओव्हल (गोलाई बिघडणं) दोन्ही कळतात. गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) आडव्या दिशेला झीज जास्त निघाली, कारण कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टन त्याच भिंतीवर रेलतो. मिस्त्री लोक बोट फिरवून ‘रिंगा टाकून चालेल’ म्हणतात, आणि पुष्कळदा ते खरंही ठरतं. पण गेजने मोजलं की रिंगांवर भागेल की बोअरला हात घालावा लागेल, हा वाद राहत नाही.

रिंग गॅपला, म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीला, ढोबळ हिशोब बोअरच्या दर १०० मिमीला ०.३ ते ०.४ मिमी, म्हणजे ८० मिमीला साधारण पाव मिलिमीटर ते ०.३२. मॅन्युअलचा आकडा हाताशी असेल तर तोच पाळावा. रिंग पिस्टनने सरळ ढकलून बोअरच्या खालच्या, न झिजलेल्या भागात नेऊन फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावायचा. वर मोजलं तर गॅप मोठा दिसतो आणि रिंग खाली गेली की टोकं एकमेकांना भिडतात.

व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून बसवणं), गॅसकेट, टॅपेट यात विशेष सांगण्यासारखं नाही. पेस्ट लावून घासायचं, पोर्टमध्ये रॉकेल ओतून गळतं का बघायचं. वेळ लागतो, अक्कल कमी लागते.

दोन सावधगिऱ्या मात्र आहेत. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत गुंडाळू नका. इंजिन उलटं मारलं तर अंगठा जातो. आणि डिझेल फवारणारं नोझल तपासताना फवाऱ्यासमोर हात नको. या इंजिनाचं नोझल २०० बारच्या आसपास उघडतं. एवढ्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, वर टाचणीएवढी खूण दिसते आणि आत हात सडायला लागतो. लगेच दवाखाना गाठायचा, उद्यावर ढकलायचं नाही.

आता क्लासचं. शिकवणारे सर चांगले होते, कट सेक्शन मॉडेलवर ऑइलचा रस्ता त्यांनी सुरेख समजावला. पण एका इंजिनाभोवती वीस-पंचवीस जण, आणि पाना आपल्या हातात येईपर्यंत तास संपायचा. फीच्या मानाने हाताला काम फार कमी मिळालं. वेळ असेल आणि दहावी झाली असेल तर आयटीआयचा एक वर्षाचा मेकॅनिक डिझेल ट्रेड केव्हाही सरस, कागदही पक्का मिळतो. माझ्यासारख्या धंदेवाल्याला वर्ष काढणं शक्य नाही, त्याने क्लासचे पैसे फिलर गेज, मायक्रोमीटर, बोअर गेज आणि एका बऱ्या टॉर्क रेंचवर घालावेत.

या इंजिनाच्या मर्यादाही आहेत. २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांची कॉमन रेल (सगळ्या नोझलना डिझेल पुरवणारी दाबाची नळी), तिचा हजार-दोन हजार बारचा दाब, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) यातलं काहीही हे शिकवत नाही. टर्बोसुद्धा नाही. जनरेटरमध्येही जुलै २०२३ पासून नव्या उत्सर्जन नियमांची इलेक्ट्रॉनिक मशीन आली आहेत, तिथे स्कॅनर लागतो. पण आमच्याकडचे जुने सेट सगळे मेकॅनिकल पंपाचे, आणि त्यांच्यावर मी आता धूर पाहून बोलू शकतो: काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय. या सिझनला एका सेटचा काळा धूर बघून मिस्त्रीने ‘पंप उतरवू’ म्हटलं. मी आधी एअर क्लीनर उघडायला लावला, मंडपाच्या धुळीने गच्च भरला होता.

घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की इंजिन फ्लायव्हील फिरतंय असंच घ्या, सीझ झालेलं स्वस्त मिळालं तरी नको. ऑइल गेजवर (पातळी बघायच्या पट्टीवर) दुधाळ ऑइल दिसलं तर भाव पाडा, पाणी आत गेलेलं असतं. रिंगांचा सेट मात्र परत करण्याच्या बोलीवरच घ्या, कारण गॅप तपासायला बोअर घरी असतो आणि डबा उघडल्यावर दुकानदार ओळख दाखवत नाही.